डवरणी-कोळपणीच्या दिवसांतही जमेल अशी मनाची निगा

मनःशांतीचे बहुतेक सल्ले बंद दाराच्या खोलीत बसून दिलेले असतात. पहाटे पाचला उठा, एकांतात बसा, अर्धा तास डोळे मिटा, डायरी लिहा. आमच्याकडे यवतमाळ-वर्ध्याच्या खेड्यांत दोन खोल्यांत सहा माणसं झोपतात. शेतीपंपाची लाइन एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. एकांत मिळालाच तर तो रात्री पीक राखायला शेतात जागलीला मिळतो, तोही रोही (नीलगाय) आणि डुकरांवर बॅटरी मारत. अशा घरात 'पहाटे ध्यान करा' म्हटलं की कामांच्या यादीत आणखी एका न झालेल्या कामाची भर पडते, आणि ते झालं नाही याची खंत वेगळी.

म्हणून हे मार्गदर्शन दुसऱ्या टोकाकडून सुरू होतं. कास्तकार असा, मजुरीला जाणाऱ्या बाई असा, की डी.एड. करून घरी बसलेलं पोरगं असा, मनासाठी वेगळा वेळ काढायचा नाही. रोज होतंच असं एखादं काम धरायचं आणि मनाची निगा त्याला टांगायची. दुसरं म्हणजे, हे एकट्याने करायचं काम नाही. मन सांभाळायच्या विदर्भातल्या जुन्या रीती जवळजवळ सगळ्या चारचौघांतल्या आहेत. त्या आयत्या मिळत असताना नव्याने काही शोधायची गरज नाही.

आधी खुंटी शोधा

रोजच्या कामांतलं एक काम निवडा. ते दररोज होणारं हवं, दुसऱ्या कुणावर अवलंबून नसावं आणि त्यात दोन-तीन मिनिटं तरी डोकं मोकळं असावं. गाय दोहायला बसणं, चूल पेटल्यावर चहाला उकळी येईपर्यंत थांबणं, मोटर सुरू केल्यावर पाइपाच्या तोंडाशी पाणी येण्याची वाट पाहणं, फाट्यावर एसटीची वाट पाहणं, यांतलं काहीही चालेल. पाणी भरणं चालत नाही, तिथे भांडणं होतात. जेवणानंतरची वेळही नको, पाठ टेकली की संपलं. आणि त्या दोन-तीन मिनिटांत मोबाइल खिशातच राहू द्या. सगळ्यात अवघड अट हीच आहे.

घड्याळाला बांधलेली सवय लाइनची पाळी बदलली की मोडते. कामाला बांधलेली सवय कामाबरोबर सरकते. पहिले आठ दिवस नुसतं एवढंच करा: ते काम आलं की आपल्याला आठवतं का, ते पाहा. बाकी काही नको.

श्वास, पण मोजून

आठवायला लागलं की तिथे श्वास जोडा. नाकाने श्वास आत घेताना मनात चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. मध्ये रोखून धरू नका. असे दहा श्वास झाले की उठून कामाला लागा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच नेहमीसारखा श्वास घ्या. ओढून, जोर लावून करण्यासारखं यात काही नाही.

हे चालतं कसं? श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना किंचित उतरते. सोडणं लांबवलं की शरीराला विसावा देणाऱ्या मज्जासंस्थेला जरा जास्त वाव मिळतो. मिनिटाला साधारण सहा श्वास ही गती त्यासाठी सोयीची. गंमत म्हणजे जुन्या जपांची गतीही हीच निघाली. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं की लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा मंत्र, दोन्ही म्हणताना माणसाचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. तेव्हा मोजणं जमत नसेल तर मोजू नका. आजी हरिपाठाची ओळ एका दमात म्हणते तशी कुठलीही आवडती ओळ सावकाश म्हणा. देव मानत नसाल तरी ओळ चालते.

एक सावधगिरी. काही लोकांना डोळे मिटले की बरं वाटण्याऐवजी नको ते दिसायला लागतं: अपघात, गेलेलं माणूस, कुणी केलेला अपमान. त्यांनी डोळे उघडेच ठेवावेत आणि समोरच्या एका वस्तूकडे बघावं. धुऱ्यावरचा पळस, गाईचे शिंग, काहीही. डोळे मिटले तरच ध्यान होतं, असं काही नाही.

आकड्याची चिंता वहीत

आता खरं काम. बाजारातून दहा-वीस रुपयांची शाळेची वही आणा. मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे आकडा असलेल्या चिंता, उजवीकडे आकडा नसलेल्या. कृषी केंद्राची उधारी, गावच्या सेवा सोसायटीचं पीककर्ज, जळालेली मोटर भरून आणायचा खर्च, पोरीची फी, कानातले गहाण टाकले त्याचे पैसे हे सगळं डावीकडे. भाऊ बोलत नाही, पोराचं लग्न जमत नाही, बाप अंथरुणाला खिळला आहे, लोक काय म्हणतील हे उजवीकडे.

डोक्यात या दोन्ही चिंता एकमेकींत गुंतून असतात, म्हणून जड होतात. उधारी आठवली की दुकानदाराने चारचौघांत काढलेला शब्द आठवतो, त्यावरून भाऊ आठवतो, आणि मग हिशोबही होत नाही, झोपही लागत नाही. कागदावर त्या वेगळ्या झाल्या की प्रत्येकीला आपापला इलाज करता येतो.

डावीकडच्या प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा: कुणाचे, कधीपर्यंत, आणि कुणाशी बोलायचं. तिसरी जागा बहुतेकांची रिकामी राहते, आणि नेमकी तीच महत्त्वाची. सोसायटीचं असेल तर गटसचिवाशी बोलायचं, बँकेचं असेल तर शाखेत जाऊन मुदत आणि पुनर्गठनाबद्दल, म्हणजे हप्ते नव्याने बांधून घेण्याबद्दल, विचारायचं. व्याजाने पैसे देणाऱ्याकडे परवाना नसेल तर त्याची सावकारी बेकायदा आहे. सावकारीचा राज्याचा कायदा २०१४ चा आहे आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. हे सगळं मनःशांतीच्या लेखात कशाला, असं कुणी म्हणेल. पण ज्या माणसाची झोप व्याजाने उडाली आहे त्याला 'वर्तमानात जगा' सांगणं मला तरी थट्टा वाटते.

सगळ्यांची बेरीज करा. ती कधी मनातल्या आकड्यापेक्षा लहान निघते, कधी मोठी. मोठी निघाली तरी कागदावर असलेली बरी, कारण कागद दुसऱ्याला दाखवता येतो.

वही उजेडात उघडायची. सकाळची न्याहारी झाली की पंधरा-वीस मिनिटं पुरेत, रोज नाही तर आठवडी बाजाराच्या दिवशी. रात्री दोन वाजता जाग आली आणि उधारी आठवली तर स्वतःला एवढंच सांगायचं: 'वहीत आहे, उद्या पाहू.' मानसोपचारात चिंतेसाठी वेळ ठरवून देण्याची ही जुनी रीत आहे. चिंता करूच नका म्हटल्याने ती थांबत नाही, पण ठरलेल्या वेळेपर्यंत पुढे ढकलायला मन सवयीने तयार होतं. पहिले काही दिवस ऐकत नाही, मग ऐकू लागतं.

पावसाची चिंता कुठे लिहायची, असं लोक विचारतात. पेरणी झाली आहे, ढग येऊन जातात, दुबार पेरणीची भीती आहे. ती उजवीकडे लिहा आणि तिच्यापुढची जागा कोरी ठेवा. कोरी जागा दिसली की इथे आपल्या हातात काही नाही हे डोळ्यांना कळतं. डोक्याला कळायला वेळ लागतो.

बायांची अडचण निराळी. वही सासूच्या किंवा नवऱ्याच्या हाती लागते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना ती पोरीकडून लिहून घ्यावी लागते, आणि काही गोष्टी पोरीला सांगण्याजोग्या नसतात. तिथे वहीचा हट्ट नको. शेतात निंदणीला गेल्यावर ज्या बाईची पात, म्हणजे पिकाची ओळ, आपल्या पातीला लागून असते ती एक विश्वासाची बाई निवडा. समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते खाली मान घालून, हाताने गवत उपटत बोललं जातं. बोललेलं तिच्यापाशीच राहील अशीच बाई निवडा, नाहीतर संध्याकाळपर्यंत गावभर.

बिनआकड्याची चिंता माणसांत

उजव्या बाजूच्या चिंतांचा हिशोब होत नाही. त्यांच्यासाठी माणसांत जाऊन बसावं लागतं, आणि त्याची सोय गावात बहुतेक आहेच.

अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. खंजिरी हातात घेऊन गावोगाव फिरताना सकाळचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना या दोन सवयी त्यांनी लावल्या. आज विदर्भातल्या कितीतरी गावांत त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना सांजच्याला होते. पहिल्यांदा जाताना लोक उगाच बिचकतात. हातपाय धुऊन जा, रांगेत मागे बसा, पाठ नसेल तर नुसतं ऐका. वर्गणी नाही, जातपात विचारत नाहीत, धर्माचं बंधन नाही. मध्ये थोडा वेळ शांत बसायचं असतं. त्या वेळी तुमचं मन तुरीच्या भावाकडे गेलं तर जाऊ द्या. शेजारच्याचंही तिकडेच गेलेलं असतं.

बौद्ध वस्तीत विहार आहे. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा झाली आणि विदर्भातल्या गावागावांत पंचशील-वंदना सुरू झाली. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालतं, नवख्याला बसायला तो काळ उत्तम. श्वासाकडे नुसतं लक्ष ठेवायचं आनापानही तिथे कुणीतरी शिकवणारं भेटतं. मात्र सुरुवातच दहा दिवसांच्या मौन शिबिराने करू नका. विपश्यनेची शिबिरं चांगली आहेत, फी घेत नाहीत, पण दहा दिवस न बोलता स्वतःसोबत बसणं सोपं नाही. मनाचा गंभीर आजार असलेल्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. शिबिराचे लोकही अर्जात हे विचारतात. कार्तिकातला काकडा, शुक्रवारची नमाज, बचतगटाची बैठक, जिथे आपलं बूड टेकतं तिथे टेकवा.

आणि कुठेच जावंसं वाटत नसेल तर? उदास माणसाची हीच तर खरी अडचण. 'मन लागलं की जाईन' असं तो म्हणतो आणि मन काही लागत नाही. मानसोपचारात आता याच्या उलट सांगतात: आधी हातपाय हलवा, मन मागून येईल. एक ठरलेलं छोटं काम, ठरलेल्या वेळी, इच्छा असो की नसो. आपल्याकडे हे गाडगेबाबांना फार आधी उमगलं होतं असं मला वाटतं. गावात आले की पहिल्यांदा खराटा हातात, दिवसभर गाव झाडायचं आणि कीर्तन रात्री. तेव्हा प्रार्थनेला बसवत नसेल तर अर्धा तास आधी जाऊन पार झाडा, सतरंजी अंथरा. मग बसलात तर बसलात, नाही तर घरी या. तेवढंही चालतं.

मंडळातही माणसंच असतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या वर्षात प्रार्थनेच्या रांगांचे दोन गट झालेले पाहायला मिळतात. तसं झालं तर दुसरीकडे जा, मन मारून तिथेच बसून राहू नका. जिथे दर खेपेला पावती फाडावी लागते, 'कुणी तरी करणी केली आहे' अशी भीती घालतात किंवा औषध बंद करायला सांगतात, तिथून उठून या, मग समोर कितीही मोठा बाबा असो.

दुसऱ्याचं ऐकताना

हे करता करता कुणी तरी तुमच्याजवळ येऊन बोलायला लागेल. त्याची तयारी असू द्या.

"काऊन बा, दोन दिसांपासून दिसला नाही?"
"काई नाही भाऊ, असंच."

इथे नव्वद टक्के लोक 'बरं' म्हणून गाडीला किक मारतात. तुम्ही थांबा. "असंच म्हंजे?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. तो थांबला तरी मध्ये भर घालू नका. 'सगळ्यायचंच असं हाये', 'माणसानं खंबीर रायलं पाहिजे', 'माझ्या मामाचं तर याहून वाईट झालं' ही तीन वाक्यं गिळून टाका. 'मंग?' आणि 'अजून?' या दोन शब्दांवर माणूस तासभर बोलतो. सल्ला त्याने मागितला तरच द्या.

'माझं काही खरं नाही', 'माझ्या मागं लेकरायकडे पाहजा' अशी भाषा आली, उसनवारीची निरवानिरव सुरू झाली, तर सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटते का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट कुणी तरी विचारलं याने माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांपैकी एकाला सोबत घ्या. फवारणीची औषधं घरातून हलवा, पेटीत ठेवून कुलूप लावा आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्या. असा झटका बहुधा थोड्या वेळाचा असतो, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं याने खरोखर जीव वाचतात. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात कमी झाल्या.

मग १४४१६ हा नंबर लावा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतः लावून त्याच्या हातात फोन द्या. एखाद्याने तसा प्रयत्न केलाच असेल तर 'पोलीस केस होईल' म्हणून दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र तणावात होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा द्यायची नसते, उपचार द्यायचे असतात.

दवाखाना कधी

श्वास, वही, प्रार्थना यांना मर्यादा आहेत. दोन आठवडे झाले तरी बहुतेक दिवस मन उतरलेलं, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, कामाला हात जात नाही असं असेल, तर तो आजार असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, आशाताईला सांगा. जिल्हा सामान्य रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, यवतमाळ, अकोला, नागपूर, सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहे. 'नागपूरले पाठवतीन', म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात टाकतील, ही भीती अजून घराघरांत आहे. पण उदासीचे बहुतेक रुग्ण गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी येतात. रक्त तपासून घ्यायला सांगा, कारण थायरॉइडचा त्रास किंवा रक्त कमी असणंही असंच दिसतं.

उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही आपल्या मनाने बंद करू नका. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. झोपेच्या गोळ्यांचं लागू शकतं, म्हणून त्या मेडिकलमधून परस्पर आणू नयेत.

घरात कुणाच्या अंगात येत असेल, कुणाला 'बाहेरचं' झालंय असं म्हातारी म्हणत असेल तर तिच्याशी वाद घालू नका. देवाला जायचं तर जा, पण डॉक्टरकडेही जा आणि औषध चालू ठेवा. भूत काढायच्या नावाखाली कुणी मारहाण केली, साखळीने बांधलं, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे समजुतीने नाही, पोलिसांना बोलावून काम होतं.

दारूबद्दल थोडक्यात. वर्धा जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे आणि वर्ध्याच्या माणसाला दारू कुठे मिळते हे सांगावं लागत नाही, म्हणून उपदेश करत नाही. झोपेपुरतं बोलतो. दारूने झोप लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर तुटते, आणि ती दोन वाजताची जाग हीच चिंतेची वेळ. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम सोडू नये. हातपाय थरथरतात, झटके येतात. डॉक्टरांच्या देखरेखीत सोडावी.

खंड पडला तर

पडेलच. मृग लागला, पेरणीची घाई आली की वही कपाटावर जाते आणि प्रार्थनेच्या रांगा विरळ होतात. त्या पंधरवड्यात फक्त दहा श्वास राहू द्या, तेही त्याच कामाजवळ. डवरणी लागली की आठवड्यातून एक संध्याकाळ प्रार्थनेला द्या. वही पोळ्यानंतर काढली तरी चालेल, पण कापूस विकून पैसे हाती येण्याआधी ती एकदा बसून नीट लिहून काढा. पैसे आल्यावर पहिला फोन कुणाला लावायचा, ते त्या तिसऱ्या रकान्यात आधीच लिहिलेलं असलं पाहिजे.